खिडकीखालची भेग

तिचे मित्र तिला ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं जे वजन सोडतो, तो ओळंबा. तिचा बाप गवंडी, आणि ही इमारतींचंच शास्त्र शिकायला हजारो मैल लांब परदेशात आलेली. कुणाच्याही खोलीत गेली की आधी भिंतींकडे बघायची, मग माणसांकडे. टेबल डगमगत असलं तर पायाखाली कागदाची घडी सारल्याशिवाय तिला घास जायचा नाही.

“हिला कुणी मागणी घातली ना,” लांब्या म्हणायचा, “तर ही आधी त्याला ओळंबा लावून बघेल आणि मग हो म्हणेल.”

लांब्या म्हणजे ताडमाड उंच, प्रत्येक दारात वाकणारा मुलगा. तिसरी मैत्रीण निवांत. घराला आग लागली तरी आधी केस विंचरेल, अशी तिची ख्याती. तिघांची ओळख वसतिगृहाच्या धुलाईखोलीत झाली. एकाच्या तोंडून मराठी शिवी निघाली, दुसऱ्या दोघींनी चमकून वर पाहिलं आणि गट्टी जमली.

परीक्षा संपली तसं लांब्याने ठरवलं की शनिवार-रविवार मोठ्या शहरात काढायचे. कुठल्या तासाला कुठे, याचा कागदच त्याने बनवला. शुक्रवारी संध्याकाळी चार तासांचा प्रवास करून तिघं उतरली आणि चालत जुन्या वस्तीत पोचली. राहायची जागा एका चार मजली विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर दोन गाळे. त्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या आणि फळ्यांमागून घणाचे घाव ऐकू येत होते.

इमारत सांभाळणारी बाई पन्नाशीची होती. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, पायात सपाता. जिना चढता चढता तिने नियम सांगून टाकले. चपला बाहेर, आरडाओरडा नाही, गरम पाणी पहिली दहा मिनिटं.

“खाली काय चाललंय?” ओळंबाने विचारलं.

“दुकान मोठं करतायत. मधली भिंत काढून दोन्ही गाळे एक करणार.”

ओळंबा पायरीवर थांबली. “मधली भिंत? मग वरचा भार कशावर राहणार?”

बाई हसली. “नव्वद वर्षं उभी आहे ही इमारत. बावीस वर्षं मी बघतेय. तू सुट्टीला आलीयेस ना पोरी?”

निवांतने मागून कोपर मारलं. ओळंबा पुढे चढू लागली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. झोप लागेपर्यंत वरच्या खोलीतला कुणीतरी खोकत होता. ते खोकणं मोजत मोजतच तिचा डोळा लागला.

सकाळी लांब्या न्हाणीघरात अडकला. दार उघडेना. आतून तो ओरडत होता, “माझा नाश्ता वाटून खा, मी इथेच म्हातारा होतो!” निवांत हसून हसून वाकडी झाली. दोघींनी बाहेरून रेटलं तेव्हा कुठे दार करकरत सुटलं.

“काल रात्री कसं लागलं होतं हे?” ओळंबाने विचारलं.

“बोटाने ढकललं तरी लागत होतं.”

तिने दार पुन्हा लावून पाहिलं. वरच्या कोपऱ्यात चौकट दाराला घासत होती. चौकट एका रात्रीत वाकडी होत नाही. तिने पलंग सरकवला, पडदा उचलला आणि भिंतीवरून हात फिरवला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली होती. सरळ नव्हती, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या उतराव्यात तशी जमिनीकडे गेली होती. जुन्या भेगेत धूळ असते, रंग उतरलेला असतो, कोळ्याचं जाळंसुद्धा असतं. हिच्या कडा धारदार होत्या आणि आत वीट ताजी, लालबुंद दिसत होती.

“निवांत, तुझं नेलपॉलिश दे.”

“आत्ता? भिंत बघता बघता नखं रंगवणार?”

तिने लांब्याच्या कार्यक्रमाच्या कागदाची एक पट्टी फाडली, भेगेवर आडवी ताणून धरली आणि दोन्ही टोकं नेलपॉलिशने चिकटवली. लांब्या कळवळला. “अगं, त्यात दुपारचं संग्रहालय होतं!” साईटवर बाप भेगेवर काचेचा तुकडा बसवायचा. भिंत हलली की काच तडकते. काच नव्हती, म्हणून तिने कागद लावला.

मग तिघं फिरायला गेली. त्या दिवशी काय पाहिलं हे ओळंबाला पुढे कधीच आठवलं नाही. पूल होता, चौक होता, लांब्या तिचे फोटो काढत होता. प्रत्येक फोटोत तिची नजर कुठल्या तरी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. दुपारी निवांतच्या नव्या बुटांनी टाचा सोलल्या, म्हणून तिघं चपला बदलायला परत आली.

ओळंबाने आधी पलंगामागे डोकावलं. कागद मधोमध फाटला होता. दोन तुकड्यांत काडेपेटीतली काडी मावेल एवढं अंतर पडलं होतं.

तिने बापाला फोन लावला. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून तो घरीच असायचा.

“बाबा, एक भेग आहे,” म्हणत तिने सगळं सांगितलं.

“भिंतीला कान लाव,” तो म्हणाला. “वाळू सरकल्यासारखं काही वाजतंय?”

तिने कान लावला. खालचे घाव थांबले होते, दुपारच्या जेवणाची वेळ असावी. त्या शांततेत भिंतीच्या पोटात काहीतरी बारीक झरत होतं.

“वाजतंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुझा काका,” बाप म्हणाला. काका म्हणजे सख्खा नव्हे. बापाचा कामावरचा जोडीदार, जो लहानपणी तिला खांद्यावर बसवून साईटवर फिरवायचा. “त्याच्यावर छज्जा पडला ना, त्याच्या आदल्या दिवशी मी पाहिलं होतं. अशीच बारीक चीर होती. मुकादमाला सांगितलं असतं तर काम थांबलं असतं, आणि माझं गेलं असतं. म्हणून बोललो नाही.”

“बाबा...”

“तुझ्या आईलाही ठाऊक नाही. आता ऐक. सामान घे, बाहेर पड आणि बाकीच्यांनाही काढ. लोक हसतील. हसू दे.”

काका गेल्यावर बाप तीन महिने कामावर गेला नव्हता. दुःखाने, असं घरात सगळे म्हणायचे. ओळंबाने फोन ठेवला. मग पाठीला पिशवी अडकवून खाली उतरली.

फळ्यांआड मुकादम डबा खात होता. त्याने तिचं बोलणं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. “ताई, आम्ही काल या धंद्यात आलेलो नाही,” म्हणत त्याने घास घेतला. त्याच्या मागे मधली भिंत अर्धी गेली होती. उरलेल्या अर्धीला दोन लाकडी टेकू लावले होते, त्यातला एक विटेच्या तुकड्यावर उभा होता. सांभाळणारी बाई तर भडकलीच. “फाटका कागद दाखवून माझी माणसं घाबरवतेस?”

“आणीबाणीच्या नंबरावर फोन करते मी,” ओळंबा म्हणाली.

लांब्याने तिला बाजूला घेतलं. पहिल्यांदाच तो चेष्टा करत नव्हता. “आपण परके आहोत इथे. उद्या काही नाही निघालं तर? पोलीस, नाव-पत्ता, व्हिसा. तुला कळतंय ना? आपण जाऊ या. आपला जीव वाचला की झालं.”

“आणि वर राहणारे?”

तिने फोन केला.

अग्निशमन दलाचे दोघं आले. त्यांनी विजेरी मारून पाहिलं, ठोकून पाहिलं, मुकादमाला झापलं, काम बंद करवलं आणि आणखी चार टेकू लावून घेतले. “सोमवारी अभियंता येईल,” थोरला म्हणाला. “तोवर वर कुणी न राहिलं तर बरं.” बरं, एवढंच. हुकूम नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा शिंपी म्हणाला, सोमवारी बघू. पहिल्या मजल्यावरच्या दोन लेकरांच्या आईने दार लावून घेतलं. तिघांनी मात्र स्टेशनजवळ दुसरी खोली घेतली.

रविवारी सकाळी परतीच्या गाडीला तीन तास होते. ओळंबाने दात घासता घासता सांगितलं, “मी एकदा बघून येते.” निवांत सामानापाशी थांबली. लांब्या कुरकुरत सोबत निघाला.

समोरच्या फुटपाथवर दोघं उभी राहिली. रस्ता रिकामा, ऊन कोवळं, इमारत होती तशी. लांब्या म्हणाला, “बघ, उभी आहे.” तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बंद खिडकीची काच, कुणी हात न लावता, टक् करून तडकली.

ओळंबा धावली. जिन्यात तिने दारांवर मुठी आपटल्या, घसा फोडून ओरडली. बाई सपाता ओढत बाहेर आली, तोंडात शिवी तयार होती. पण खालून लाकूड पिळवटल्याचा लांबलचक आवाज आला आणि शिवी तोंडातच राहिली. मग दोघी मिळून ओरडू लागल्या. शिंपी बायकोला हाताला धरून उतरला. दोन लेकरं आईच्या मागे अनवाणी निघाली. दुसऱ्या मजल्यावरचे दोन पाहुणे टॉवेलवरच आले. लांब्याने धाकट्या पोराला उचलून पलीकडे नेलं.

फुटपाथवर बाईने बोटांवर माणसं मोजली. “सगळे आले?”

आणि ओळंबा म्हणाली, “चौथ्या मजल्यावरचा? तो खोकणारा?”

“अगं बाई. झोपला की ढिम्म असतो तो,” बाई म्हणाली. “हलवून उठवावं लागतं. आलेच.”

ती वळली. ओळंबाचा हात तिच्या बाहीपासून वीतभर अंतरावर होता. तिने बाही धरली नाही. चार जिने चढायला पाऊण मिनिट, उतरायला अर्धं, असा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप झाला आणि तो तिला जमण्यासारखा वाटला. जुडग्याचा खुळखुळाट पहिल्या मजल्यावर ऐकू आला, मग दुसऱ्या.

इमारतीचा पुढचा कोपरा आधी थोडा खाली बसला, थकलेलं माणूस बसतं तसा. मग सगळं एकदम आलं. लांब्याने तिला मागे खेचलं होतं, हे तिला नंतर कळलं. धुळीत स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. धूळ खाली बसली तेव्हा जिना जिथे होता तिथे आभाळ होतं.

चौथ्या मजल्यावरचा पाहुणा बाराच्या सुमाराला आला. सात वाजता फिरायला गेला होता तो. हातात संत्र्यांची पिशवी, खिशात खोलीची किल्ली. पोलिसांच्या दोरीपाशी उभा राहून तो खोकत होता आणि काय झालं म्हणून प्रत्येकाला विचारत होता.

चौकशी झाली. साक्षीत अधिकारी म्हणाला, “तुमच्यामुळे सात जीव वाचले.” त्याने पुढे विचारलं, “त्या परत वर का गेल्या?”

“मी सांगितलं म्हणून,” ओळंबा म्हणाली. लिहिणाऱ्याचा हात थांबला. अधिकाऱ्याने हे लिहायची गरज नाही अशी खूण केली. “लिहा,” ती म्हणाली. मग त्याने लिहिलं.

बापाला तिने सगळं सांगितलं. “तू बोललीस तरी,” तो म्हणाला.

“हो. आणि नको तेही बोलले.”

मग पलीकडून भांड्यांचा आवाज आला आणि बाप म्हणाला, “तुझ्या आईला काकाचं सांगितलं मी काल. ती बोलत नाहीये माझ्याशी.”

बाईची धाकटी बहीण साक्षीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर भेटली. ओळंबाला वाटलं, आता ही तोंडावर थुंकेल. बहिणीने फक्त शेवटचं बोलणं विचारलं. ओळंबाने शब्द न शब्द सांगितला. बहीण ऐकत राहिली, मग उठली आणि काही न बोलता निघून गेली. ते न बोलणं कसलं होतं, हे ओळंबाला आजवर उमगलेलं नाही.

पदवी तिने सहा महिने उशिरा घेतली. लांब्या आणि निवांत तिला अजून फोन करतात, पण त्या सहलीचा विषय तिघांपैकी कुणी काढत नाही. मुकादम आणि गाळ्यांच्या मालकावरचा खटला चालू आहे. ओळंबा आता जुन्या इमारती तपासण्याचं काम करते. धोक्याची इमारत रिकामी करताना ती स्वतः जिन्याच्या तोंडाशी उभी राहते आणि एकदा बाहेर आलेल्याला कशासाठीही आत सोडत नाही. मागच्या महिन्यात एका म्हातारीने औषधाच्या डबीसाठी तिच्या हाताला चावा घेतला. तिने हात काढला नाही.