चिंचपट्टीचं गाणं

अक्का गेल्याचं पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी "बरं" एवढंच म्हणाले. रडू आलं नाही. माणसं जाताना बघून बघून मनही दमतं... अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. बेंबळीकडच्या आमच्या शिवारात त्या भलरी रचायच्या. ज्वारीच्या काढणीत बायका ओळीनं पुढं सरकताना म्हणतात ती गाणी. ज्या रानात काढणी, त्या रानाचं नाव गाण्यात घ्यायचं, अशी रीत होती. आमच्या रानाचं नाव चिंचपट्टी. बांधावरची बाभळ, विळा खणकन वाजतो तो खडकाळ कोपरा, ओढ्याकडची ओलसर कड, सगळं अक्कांच्या गाण्यात होतं. आणि एका रानाचं गाणं दुसऱ्या रानात कधी म्हणायचं नाही. म्हटलं तर आपल्या रानाची बरकत तिकडं जाते, असं सगळे मानायचे. अक्काही मानायच्या.

निजामाच्या शेवटच्या वर्षी गावात राहणं धोक्याचं झालं आणि आम्ही सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला छावणीत गेलो. तिथं आम्हा बायकांना काढणीचं काम मिळालं. पण अर्धपोटी हात चालणार किती! दुपारी मुकादम ओरडला, "हात हलत न्हाईत तुमचे. उद्यापासनं दुसऱ्या बायका आणतो." सगळ्याजणी अक्कांकडं बघू लागल्या. त्या परक्या रानाचं त्यांना नावही ठाऊक नव्हतं, रचणार कशावर? मग डोळे मिटून त्यांनी चिंचपट्टीचं गाणं धरलं. मी घाबरून त्यांचा हात धरला, तरी त्या थांबल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत रान मोकळं झालं आणि सुगी सरेपर्यंत आमचं काम टिकलं.

गावी परतायला उशीर झाला, पेरणीही लांबली. चिंचपट्टीत कणसं आली ती बोटाएवढी. सासूबाईंनी भर रानात ऐकवलं, "बरकत वाटून आलीस की गं तिकडं!" उशिरा पेरलेलं असंच येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण सासूबाईंपुढं बोलणार कोण? मला अजून त्याचा राग येतो. त्यानंतर अक्का दुसऱ्यांच्या रानांसाठी गाणी रचत राहिल्या, आपल्या रानात मात्र मुकाट्यानं विळा चालवायच्या.

शेवटच्या भेटीत मी म्हटलं, "अक्का, आता टोचून बोलायला कुणी राहिलं न्हाय. एकदा म्हणा की चिंचपट्टीचं."

त्या थकल्यासारख्या हसल्या. "त्या गाण्यावर एवढ्या बायका जेवल्या गं. दिलेलं माघारी कसं मागू?"

परवा चिंचपट्टीत जाऊन आले. काढणी चालली होती, मजूर बायकांनी मोबाइलवर कसलीतरी गाणी लावली होती. मी बांधावर टेकले. अक्कांची पहिली ओळ ओठांवर आली... सगळं गाणं पाठ आहे मला. मी तोंडाला पदर लावला आणि तशीच बसून राहिले.