खिडकीवाल्या काकू

खिडकीवाल्या काकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भांडत. लेकरांचे फोटो काढायला बोलावलेली बाई उंबऱ्यातूनच घरमालकाला फैलावर घेते, हे ज्यांनी सेनगावात पाहिलं नाही त्यांना खोटं वाटेल. भांडणाचं कारण ठरलेलं असे, खिडकी. आमच्याकडे खिडकी असते ती कूलर बसवायला आणि सुगीनंतर सोयाबीनची पोती टेकवायला. "येवढा फुकटचा उजेड बाहेर उभा हाय, अन् तुमी त्याला घरात येऊ देऊन न्हाई राहिले," असं त्या ओरडत आणि स्वतःच पोती ओढायला लागत.

माझ्या ओवीचा चौथा वाढदिवस मे महिन्यात होता. काकू कनेरगाव नाक्याहून जीपनं आल्या, घामाघूम, आणि आल्या आल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, "आदी कूलर काढा." मामंजींशी त्यांच्याच घरात असं बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बाई, भर उन्हाळा हाय," मामंजी म्हणाले.

"मंग? लेकराच्या तोंडावर उजेड पायजे का तुमच्या पाठीला वारा पायजे?"

कूलर निघाला. वर मामंजींनाच अंधाऱ्या बाजूला धुतलेलं धोतर ताणून उभं केलं, म्हणजे खिडकीचा उजेड त्यावरून परतून ओवीच्या दुसऱ्या गालावर पडेल. धोतर जरा खाली आलं की काकू खेकसत आणि मामंजी निमूटपणे हात वर करत.

लेकरांवर मात्र त्यांनी कधी आवाज चढवला नाही. घाबरलेल्या लेकराच्या गळ्यात त्या आपल्या कॅमेऱ्याचा पट्टा अडकवत, स्वतः खिडकीशी मांडी घालून बसत आणि म्हणत, "आदी तू माझा काढ, मंग मी तुझा." कॅमेऱ्याला कुणाला हात लावू न देणारी बाई तो चार वर्षांच्या पोरीच्या हातात देऊन निवांत बसे. ते फोटो वाकडेतिकडे येत, कधी नुसता गुडघा, कधी अर्धं कपाळ. पण काकू ते पुसून टाकत नसत. लेकराच्या फोटोंबरोबर तेही मोबाइलवर पाठवत.

त्यांच्या रागाचं मूळ मला उशिरा कळलं. नवरा वारला तेव्हा त्याचा स्टुडिओ पुतण्यानं ताब्यात घेतला. मोठे दिवे, छत्र्या, पडदे, सगळं. काकूंच्या हाती कॅमेरा तेवढा राहिला. "लायटी नेल्या त्यानं," त्या म्हणायच्या, "गावातल्या खिडक्या काय उचलून नेतो का?" हे सांगताना त्यांना हसू येई. मला अजूनही येत नाही. घरातल्या विधवा बाईला असं हुसकून लावून वर तिच्याच मालावर दुकान थाटायचं आणि गावानंही त्याच दुकानात जायचं, याचा संताप येतो.

गाव जाई, कारण पुतण्या लेकरं गोरी करून देई. काकू देत नसत. त्या आधी ओल्या फडक्यानं तोंडावरची पावडर पुसून काढत. माझी ओवी सावळी. सासूबाई म्हणाल्या, "जरा उजळ करून द्या बाई. पोरीची जात हाय, पुढं लग्नाचं बघावं लागंल." चार वर्षांच्या लेकराचं लग्न! मी तोंड उघडणार, तोच काकू कडाडल्या, "गोरं लेकरू पायजे आसंल तर दुसऱ्याचं आणून बसवा खिडकीत. मी ह्या लेकराचा फोटो काढून राहिले." सासूबाई आठ दिवस धुसफुसल्या. मग फोटो आला. ओवीच्या गालावर तो मऊ उजेड असा काही उतरला होता, की सासूबाईंनी स्वतःच तो टीव्हीच्या वर लावला.

यंदा काकू गेल्या. पुतण्यानं बसस्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यावरची बाई गुलाबी होती. ओठ गुलाबी, गाल गुलाबी, गालावरचे कांजिण्यांचे व्रण साफ पुसलेले. ओवीनं माझा हात ओढला. "आई, ही कोण?" तिथंच तो फ्लेक्स टराटरा फाडावा असं मला वाटलं. जन्मभर एकाही लेकराचा रंग जिनं बदलू दिला नाही, तिचाच रंग पुतण्यानं पुसून टाकला होता, आणि भांडायला ती आता नव्हती.

घरी येऊन मी मोबाइल धुंडाळला. ओवीनं काढलेला फोटो सापडला. तिरका, डोक्यावरचा पदर कापलेला, पण चेहरा पुरता. काळ्याभोर गालावर खिडकीचा उजेड, व्रण न् व्रण दिसतोय. तोंड उघडं, कारण त्या वेळी काकू धोतर नीट धरा म्हणून मामंजींवर ओरडत होत्या.

फोटो मोठा करून, फ्रेम घालून मी तेराव्याला पुतण्याच्या घरी घेऊन गेले. मामंजीही आले. बैठकीत हार घातलेली तीच गुलाबी बाई होती. पुतण्यानं माझी फ्रेम पाहून तोंड वाकडं केलं. "वहिनी, ह्याच्यात काकू काळ्या दिसून राहिल्या."

"होत्याच काळ्या," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला होता की सगळी बैठक वळून बघायला लागली.

"अन् रागात बी दिसून राहिल्या. लोक काय म्हणतील?"

तेव्हा मामंजी उठले. भिंतीवरची गुलाबी बाई उतरवून त्यांनी पुतण्याच्या हातात दिली. ओवीनं काढलेला फोटो तिच्या जागी लावला, हार घातला. मग चार पावलं मागं येऊन बघत राहिले. बैठकीत अंधार होता, फोटोतलं काही नीट दिसत नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि पुतण्याला म्हणाले,

"आदी कूलर काढा."