प्रोकोपी गाडी गरम करतो

"तूच बंद केलीस!"

"नाही केली, सर्दाना. शपथ घेऊ?"

"शपथा तू बाटलीच्याही घेतल्या होत्यास."

"ती सोडून वर्ष होत आलं!"

"म्हणूनच तर! वर्षभर कळ काढलीस आणि काल गाडीत गाणी ऐकत बसलास, तिथे मारलास घोट. मग शुद्ध कुठली? फिरवली किल्ली. अरे, या थंडीत चालू इंजिन बंद करायचं नसतं, हे याकुत्स्कमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं!"

नवराबायकोकडे पाठ करून प्रोकोपी त्यांच्या शेगडीपाशी उभा होता. तव्यावर ऐतालच्या गाडीचे प्लग तापत होते आणि मासे तळत असल्यासारखा तो चिमट्यानं ते उलटत होता. टेबलाखाली गाडीची बॅटरी उबेला ठेवलेली.

"काका, तुम्ही मनावर घेऊ नका हं," सर्दाना म्हणाली. "आमचं हे रोजचंच."

रोजचं नव्हतं. तळमजल्यावरच्या प्रोकोपीला वरचं सगळं ऐकू येई. गेलं वर्षभर वरून फक्त हसण्याचा आवाज येत होता.

गोठलेल्या गाड्या पुन्हा सुरू करणं हा प्रोकोपीचा हिवाळ्याचा धंदा. तरुणपणी तो लेना नदीच्या बर्फावरून ट्रक हाकायचा. थंडी पडली की इंजिन चालू करायचं, ते बर्फ वितळेपर्यंत बंद करायचं नाही, ही तिथली रीत. बोटांची टोकं त्या रस्त्यानंच खाल्ली. पुढे ट्रक सुटला, त्यानं गरम हवा फेकणारी एक भट्टी घेतली आणि आसपासच्या अंगणांतून त्याला बोलावणी येऊ लागली. बायका त्याला चेष्टेनं 'गाड्यांची सुईण' म्हणत.

आज सकाळपासून त्याचं सगळं पाहून झालं होतं. टाकी भरलेली. बॅटरीत जीव होता. तेलाचं मात्र डांबर झालेलं. तेल मोजायची सळी ओढली तर हलायला तयार नाही. गाडीवर ताडपत्री टाकून त्यानं खालून गरम हवा सोडून ठेवली होती. आणि दर वेळी ऐताल आशेनं विचारत होता, "सापडलं का काही, काका? पेट्रोलात पाणी असेल. नळी चोंदली असेल."

"बघू," प्रोकोपी म्हणे.

बघायचं काय? गाडी स्वतः प्रोकोपीनंच बंद केली होती.

ऐतालची गाडी प्रोकोपीच्या खिडकीखाली धुरकत उभी असे. फटीतून धूर आत येई. काल रात्री त्याच्या बायकोची, मात्र्योनाची, छाती इतकी कोंडली, की बोलताही येईना बिचारीला. वर जाऊन सांगावं, तर अंगणातल्या सगळ्याच गाड्या धुरकतात आणि त्यांच्यावरच आपली चूल पेटते. सांगायचं कुठल्या तोंडानं? कुलपं गोठतात म्हणून इथे गाडीला कुणी कुलूप लावत नाही. तो गेला, किल्ली फिरवली. बायकोचा जरा डोळा लागला, की परत चालू करू. तिचा डोळा लागला, आणि तिच्या पायाशी बसलेल्या त्याचाही. सकाळी जाग आली ती खिडकीबाहेरच्या शांततेनं.

आता खरं सांगावं, तर अंगण विचारणार: गाड्या गोठवायच्याही यानंच आणि गरम करायच्याही यानंच का?

"खा ना, काका." सर्दानानं दुधाचा चहा आणि साय लावलेली भाकरी पुढे केली. "उपाशीपोटी राबताय. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं."

घास त्याच्या तोंडात नुसताच फिरत राहिला.

"ऐक," ती नवऱ्याला म्हणाली, "गाडीत खरोखर दोष निघाला, तर तुझं खरं. नाही निघाला, तर मी पोरीला घेऊन विल्युइस्कला आईकडे चालले. बॅग भरलीय."

"निघेल दोष! काका, निघेल ना?"

प्रोकोपीनं गरम प्लग फडक्यात गुंडाळले, बॅटरी उचलली आणि खाली निघाला. ऐताल मागोमाग. प्लग बसवताना, तारा जोडताना, आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, ही गाडी सुरू होऊ नये. पण हातांना चुकीचं काम येतच नव्हतं. ऐतालनं किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, खोकलं, पांढरा लोट सोडला आणि लागलं की एका सुरात धडधडायला!

"काका! जादू आहे तुमच्या हातात!" ऐतालनं त्याला मिठीच मारली. मग वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सर्दाना उभी होती. त्याचे हात सैल पडले.

चिमटा आणायला प्रोकोपी ऐतालबरोबर वर गेला, तेव्हा दाराशी बॅग येऊन ठेपली होती.

"झाली ना सुरू?" सर्दानाचा आवाज आता चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "म्हणजे दोष नव्हताच."

"अगं, तसं नसतं! काका, तुम्ही सांगा हिला. इंजिन कधी कधी आपोआप बंद पडतं की नाही?"

"सांगा, काका," ती म्हणाली. "आम्हा दोघांपेक्षा तुम्हाला कळतं. तुम्ही हो म्हणालात, तर ही बॅग आत्ता उघडते. पुन्हा या विषयावर चकार शब्द काढणार नाही."

प्रोकोपीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. 'हो' म्हणायला खोटं बोलावं लागत होतं. खरं सांगायला छाती लागत होती. त्यानं तोंड उघडलं, आणि दोघंही एक पाऊल पुढे सरकली.

त्यानं टोपी कानांवर ओढली. हातमोजे चढवले. चिमटा तसाच शेगडीवर राहिला. बॅगेला वळसा घालून तो दाराबाहेर पडला आणि जिना उतरू लागला.

"काका! अहो, काका!"

प्रोकोपी उतरतच राहिला.