रिकाम्या उजेडातली अक्षरं

"दिसतंय तेवढंच सांगा, आठवतंय ते नको."

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत पाऊल टाकलं, की आधी हे वाक्य कानावर पडायचं आणि मग म्हणणारी बाई दिसायची. ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा, हातात लाकडी छडी. छडी मारायची नव्हे, तक्त्यातली ओळ दाखवायची. एकतीस वर्षं ती माणसांकडून अक्षरं वाचून घेत आली होती. सगळे तिला तक्तेबाई म्हणत. तिनं लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग दवाखान्यात संशोधन आलं. डोळ्याच्या पडद्याला सूज येते, नजरेच्या मधोमध डाग पडतो, समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा होतो. त्या आजारावर नवं इंजेक्शन निघालं होतं. निम्म्या पेशंटना नवं, निम्म्यांना जुनं. कुणाला कोणतं, ते पेशंटलाही ठाऊक नाही आणि तक्तेबाईलाही नाही. तिनं दर महिन्याला फक्त अक्षरं मोजायची. पंधरा अक्षरं घसरली, की पेशंटला संशोधनातून काढायचं आणि त्याच दिवशी दुसरा इलाज सुरू करायचा, हा नियम.

तिचा थोरला भाऊ घड्याळजी. भिंग लावायचा तो उजवा डोळाच सुजला, म्हणून तिनंच त्याला या संशोधनात घातलं. नात्यातला माणूस आपण तपासू नये असं तिला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याइतकं काटेकोर दुसरं कोण आहे इथं?" बाईला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

आईवडिलांमागे दादानंच तिला शिकवलं होतं. गुरुवारी घड्याळ देतो म्हणाला की गुरुवारीच देणारा माणूस. तपासणीलासुद्धा तासभर आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. बाई कौतुकानं नर्सला सांगायची, "बघ, याला म्हणतात घड्याळजी!"

तिसऱ्या महिन्यात त्याचा आकडा थोडा घसरला. चौथ्यापासून चढायला लागला. डोळ्याच्या फोटोत मात्र पडद्यावर सूज दिसत होती, म्हणून डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "बाई, आकडा नक्की ना?"

"माझ्या भावाचा आहे, डॉक्टर," बाई म्हणाली. दोन्ही वेळा हेच म्हणाली.

नवव्या महिन्यात जुना तक्ता पिवळा पडला म्हणून नवा आला. अक्षरं तीच, क्रम वेगळा. बाईनं तो पेटीत सरकवला, मागचा दिवा लावला, दादाच्या डाव्या डोळ्यावर झाकण ठेवलं.

"हं, वाच."

"ग, त, र, न, प."

समोर होतं म, ल, क, स, व.

"दादा, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? लख्ख दिसतंय."

बाईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आवाज न करता तक्ता पेटीतून काढून घेतला. मागे नुसता पांढरा उजेड उरला.

"दुसरी ओळ वाच."

"ल, ह, ट, म, द," रिकाम्या उजेडाकडे बघत दादा ठसक्यात म्हणाला. तिसरीही वाचली. एका अक्षराशी जरा अडखळलासुद्धा, खऱ्या पेशंटसारखा.

"दादा, तिथं काहीच नाहीये."

बाईनं त्याच्या डाव्या डोळ्यावरचं झाकण काढलं.

"कधीपासून?"

"चौथ्या महिन्यापासून."

"अक्षरं कुणी सांगितली?"

"सांगायला कशाला हवं कुणी? बाकावर बसतो ना तासभर. तुझे पेशंट शाळेतल्यासारखे ओरडून वाचतात. आणि कान माझे घड्याळजीचे." तो हसायला गेला. ती हसली नाही, तसं त्याचं हसू तिथंच विझलं.

"आकडा घसरला तेव्हा तुझा चेहरा एवढासा झाला होता गं. आणि काढून टाकलं असतं, म्हणजे डोळ्यावर पाणीच सोडायचं."

"वाचवायला काढतात, दादा. मी सांगितलं होतं तुला. समोर बसवून सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस." दादानं मान खाली घातली. "मला वाटलं, धीर द्यायला म्हणतेस."

"म्हणजे मी खोटं बोलतेय, असं वाटलं तुला. मी."



डॉक्टरांनी नवा फोटो लावला. सुजेच्या जागी आता व्रण होता, पडद्याच्या ऐन मध्यावर. "पाच महिन्यांपूर्वी कळतं, तर भिंगापुरता डोळा राहिला असता," ते हळू म्हणाले. "फोटोपेक्षा मी तुमच्या आकड्यावर विसंबलो, बाई."

बाईनं कागद पुढे ओढला. चौथ्या ते आठव्या महिन्याच्या प्रत्येक आकड्यावर आडवी रेघ मारली, शेजारी कारण लिहिलं, खाली सही केली. पाच महिने आपण भावाची पाठांतरं तपासत होतो, आणि त्याला शाबासकीही देत होतो. छडी खिळ्याला अडकवून ती बाहेर आली.

बाकावर दादा होता. दर वेळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो तिचा दंड धरायचा. आजही त्यानं हात पुढे केला. "छबे..."

"डावा डोळा चांगलाय तुझा. उतरशील तू." ती म्हणाली आणि चालू लागली.

नर्स दारात उभी राहून बघत होती. दादाही बघत होता. त्यानं डावा डोळा तळहातानं झाकला, अगदी ती शिकवायची तसा, कडेनं फट न ठेवता, आणि उजव्यानं बघत राहिला.

"काय दिसतंय, काका?" नर्सनं विचारलं.

"कडेला भिंत दिसतेय. खिडकी दिसतेय." तो थांबला. "ती जिथं असेल, तिथं काही नाही."