परसातली टेकडी

सदाचा फोन आला तेव्हा मी सांगलीत औषधाच्या दुकानात होतो. “नाना गेलं,” एवढंच म्हणाला. सदा माझा चुलतभाऊ. नाना त्याचे वडील, माझे चुलते. वडूजजवळच्या आमच्या गावी पोचलो तर परसात माणसं जमली होती आणि सगळी नानांच्या टेकडीला वळसा घालून उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकाचाही पाय तिच्यावर पडला नाही. याच माणसांनी नाना जिवंत असताना त्या टेकडीची यथेच्छ टिंगल केली होती. माणूस मेला की मान द्यायला आपण मोठे तत्पर.

टेकडी मुरमाची, गुडघाभर उंच. हल्ल्याआधी फौजेत जमिनीवर मातीचा नमुना करून जवानांना मोहीम समजावतात, त्याला सँड मॉडेल म्हणतात. नानांनी पेन्शनीत आल्यावर तसा एक परसात केला, तो कायमचाच. पावसाळ्यात तो खचायचा. मग खंडेनवमीला गाव कोयते, नांगर, ट्रॅक्टर धुऊन पुजायचं तेव्हा नाना टेकडी पुन्हा उभी करायचे, पायथ्याशी चुन्यानं रस्ता आखायचे आणि बाजूनं बोटभर खोल नाला काढायचे. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर त्यांची कंपनी एका पहाटे या नमुन्यातली खरी टेकडी चढली होती. दुसरी कंपनी नाल्यातून यायची होती, असं त्यांना सांगितलेलं. ती आलीच नाही. बरीच माणसं उतारावर राहिली, उरलेली मागं फिरली. टेकडीखालच्या रस्त्यानं शत्रूचा दारूगोळा पुढं जात राहिला आणि लढाई थांबायच्या आदल्या दिवशी एक तोफगोळा दूरच्या एका मोर्च्यावर पडला. तिथं नानांचे थोरले भाऊ होते, म्हणजे माझे वडील. मी तेव्हा रांगत होतो.

दुसरी कंपनी आली असती तर लढाई आधीच आटोपली असती, हे नानांचं म्हणणं. पारावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ते ऐकवायचे. “रस्ता तुटला की दारूगोळा बंद. दारूगोळा बंद की त्यो टेकीला आला. मग आमच्या दादाला काय हुतंय, गड्या?” ऐकणारा मान डोलवायचा आणि मागं वळून हसायचा. मला दोघांचाही राग यायचा. वडील पडले ती जागा नमुन्यात बसत नव्हती. नानांच्या मापानं ती परसाच्या टोकाला, भांडी घासायच्या दगडापाशी यायची. आई रोज त्याच दगडावर भांडी घासत आली. हे तिला सांगायची काही गरज नव्हती, पण नानांनी सांगितलं. आई त्यावर एकदाच बोलली. “आवं भावजी, ही टेकडी घावली असती तर तुमी तितंच थांबला असता व्हय? म्होरं दुसरी टेकडी असतीच की.” नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. नानांच्या पलटणीचे त्या वेळचे एक तरुण अधिकारी, आता ऐंशीच्या घरातले, पाहुणे म्हणून यायचे होते. नानांनी पदकं घासूनपुसून लावली, मला सोबत नेलं आणि कार्यक्रम संपल्यावर साहेबांना गाठलं. “साहेब, दुसरी कंपनी वेळंवर आली असती तर?”

साहेब प्रेमळपणे हसले. “ती यायचीच नव्हती, हवालदार. तुमचा हल्ला शत्रूला गुंतवून ठेवायला होता. खरा धक्का उत्तरेकडून द्यायचा होता.”

“मग उत्तरंला काय झालं?”

“तो निघालाच नाही. तेवढ्यात युद्धबंदी झाली...” असं म्हणून साहेबांनी जिलेबीची बशी पुढं केली. नानांनी एक तुकडा घेतला. नाही म्हणायची फौजेत सवय नसते.

परतीच्या एसटीत रहिमतपूर आलं. नाना खिडकीकडंच बघत म्हणाले, “सांगितलं असतं तरी आमी गेलो असतो रं. पर सांगायचं तरी...” इतकी वर्षं त्यांनी एका चुकीवर जीव टांगून ठेवला होता. चूक दुरुस्त करता येते, निदान तसा विचार तरी करता येतो. आता तीही उरली नाही. साहेबांचा मला आजही संताप येतो, आणि खरं बोलले म्हणूनच येतो.

मला वाटलं, नाना घरी येऊन टेकडी लाथाडतील. दुसऱ्या दिवशी बघतो तर ते परसात उकिडवे बसून नाल्यात खडे मांडत होते. आजवर तो नाला त्यांनी रिकामा ठेवला होता, घडलं तसा. आता तोंडापासून निम्म्यापर्यंत त्यांनी दुसरी कंपनी उभी केली. त्यानंतर त्यांनी लढाईचा विषय कुणापाशीच काढला नाही आणि गावाला वाटलं, म्हातारा सुधारला.

बाराव्यानंतर सदानं टेकडी सपाट करून तिथं गाडी लावायचं ठरवलं. फावडं घेऊन आला तेव्हा आई दगडावर भांडी घासत होती. भांड्यांचं पाणी नाल्यातल्या खड्यांकडं वळलं होतं, ते तिनं राखेच्या हातानं मातीचा बांध घालून अडवलं.

“ऱ्हाऊ दे रं सदा,” ती म्हणाली. “पोचली न्हाईत ती अजून.”