अक्काचं नाव

येडाईच्या यात्रेला अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, येरमाळ्याला माझ्याकडे आली तेव्हा मी नेमका ‘अक्का’ या शब्दावरच लेख लिहून बसलो होतो. निवृत्त झालेल्या मराठीच्या मास्तरला दुसरं करायचं तरी काय असतं? एखादा शब्द धरायचा आणि त्याचं मूळ सापडेपर्यंत घरादाराला पिडायचं. माझ्या हातात कागद दिसला की बायको स्वयंपाकघरात पसार होते. त्यामुळं आयती सापडलेली अक्का मी समोर बसवली. ती मेथी निवडत होती, मी वाचत होतो.

वाचता वाचता माझा आवाज चढला. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण, तेलुगू-तमिळमध्येही तीच, आणि आपल्याकडं हा शब्द कानडीतूनच आला असावा, असं जाणकार म्हणतात. संस्कृतात मात्र अक्का म्हणजे आई. तिकडं उझबेकांच्या भाषेत ‘आका’ म्हणजे मोठा भाऊ, त्याच नात्यातला उर्दूतला ‘आका’ म्हणजे मालक, आणि पार उत्तरेला फिनलंडात ‘अक्का’ म्हणजे म्हातारी, तेही जरा हेटाळणीनंच. या सगळ्यांचं मूळ एकच, असा दावा मी केला नव्हता. एवढी अक्कल मला आहे. शेवटी मी घरचा किस्सा जोडला होता: मला वाचा फुटली ती ‘अक्का’ म्हणतच.

किस्सा खरा आहे. मी जन्मलो तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. बाळाला वळण लागावं म्हणून आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, तिला अक्का म्हणू लागले. आमच्याकडं घरोघरी असंच करतात. मी बोलायला लागलो, तरी त्यांची सवय काही सुटली नाही. मग गल्लीही अक्का म्हणू लागली. मला सांभाळायला तिची शाळा बंद केली, तेव्हा हजेरीला तिचं नाव घेणारे मास्तरही संपले. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवंच नाव लिहिलं. सासर नळदुर्गाच्या पुढं, कानडी मुलखाच्या कडेला. तिथं धाकट्या दीर-नणंदांनीही अक्काच धरलं, आणि तांदळातलं नाव तांदळातच राहिलं.

“लई चांगलं लिव्हलंस,” ती म्हणाली. “पर त्यात माझं नाव न्हाय.”

“सगळा लेख तुझाच तर आहे!”

“अक्काचा हाय. माझा न्हाय.” हातातली जुडी तिनं खाली ठेवली. “आई गेली, दादा गेले. माझं नाव ठाव असलेला आता तूच एकटा हायेस. एकदा नावानं हाक मार की रं. ऐकू दे मला.”

मी हसलो. काय पण खूळ, म्हणालो. ती कान देऊन पुढं सरकली, तशी मी खरंच तोंड उघडलं. पण जीभ रेटेना. आईचंच नाव घ्यायला सांगितल्यागत वाटलं. आणि लाज वाटली की मी चिडतो, ही माझी खोड. “या वयात कसली थेरं सुचतात तुला?” मी खेकसलो.

“ऱ्हाऊ दे मग,” म्हणत ती मेथी घेऊन आत गेली.

जेवताना तिनं मला तीच भाजी आग्रहानं वाढली. तिला मारायच्या हाकेचा माग मी फिनलंडपर्यंत काढला होता. तिनं मागितलेली तीन अक्षरं मात्र मला देता आली नव्हती. तिचं नाव माझ्यापायीच गेलं होतं आणि तेच मी लेखात कौतुकानं लिहिलं होतं. मला स्वतःचा राग आला, पण तो तिच्यापाशी बोलून दाखवायचंही धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला तुळजापूरच्या गाडीत बसवायला गेलो. यात्रेची गर्दी, रसवंतीची घुंगरं, कंडक्टरची घाई. तिची पिशवी खिडकीतून आत दिली. ती समोर बघत नीट सावरून बसली. गाडी हलली, तेव्हा कुठं मी मनाचा हिय्या केला आणि तिचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली.

मागच्या खिडकीतली एक बाई माझ्याकडं बघू लागली. अक्का पदर सारखा करत होती. ऐकू गेलं नसेल म्हणून मी गाडीबरोबर पळत, अगदी तिच्या खिडकीखाली जाऊन पुन्हा हाक मारली. तिनं मानसुद्धा वळवली नाही. कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, एवढंच तिला वाटलं असणार.

“अक्का!” मी ओरडलो.

ती लगेच वळली आणि खिडकीतून वाकून म्हणाली, “काय रं? काय इसरले का मी?”

“काही नाही,” मी म्हणालो. “नीट जा.”