मारोतरावांची पत्र्याची जीप

१९८४ सालची गोष्ट. सकाळची घाई होती, तव्यावर पोळी फुगत होती, तोच दारावर थाप पडली. बाहेर शेजारचे मारोतराव उभे, रुमालावर त्यांची वीतभर जीप.

"वहिनी, सोसायटीच्या हॉलमधून आलो. माझ्या गाडीचं स्टिअरिंग कोनी हलवलं?"

मारोतराव नांदेडकडचे. अठरा वर्षं फौजेत जीप चालवली, मग वाशीला येऊन कांदा-बटाटा मार्केटातल्या व्यापाऱ्याचा टेम्पो. सुटीला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फौजी जीप बनवायचे. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे इथे पाऊण इंच, यात फरक नाही. टायर हवाई चपलेच्या रबराचे, दिवे टिचबटणांचे. कोणी विकत मागितली तर म्हणायचे, "गाडी सरकारी हाय, इकता येत न्हाई."

त्या दिवशी सोसायटीत रहिवाशांच्या छंदांचं प्रदर्शन होतं. मांडामांड आमच्या ह्यांच्याकडे. हे दाढीचा साबण पुसत बाहेर आले.

"मीच हलवलं. तुम्ही चुकून डावीकडे लावलं होतं. लोक हसले असते, म्हणून रात्री उजवीकडे चिकटवलं."

"सायेब, फौजी जीपमधी कधी बसलात?"

"नाही बुवा."

"मी बसलो. डावीकडंच. गिअर ह्या उजव्या हातानं टाकलेत."

"अहो, पण आपल्याकडे गाडी म्हटली की..."

"तुम्ही मलासुद्धा पोळ्या शिकवता," मी म्हटलं, "एक लाटलेली नसताना."

हे जरा नरमले, पण हटले नाहीत. "डावीकडे असेल तर पुढच्या टेबलावर नको. प्रत्येकाला कोण समजावणार?"

"मागं ठेवा. पन खोटी गाडी माझ्या नावावर नको."

त्यांनी माझ्याकडून सुई घेतली, गॅसवर तापवली. बारीकसं स्टिअरिंग उचकटून डावीकडे बसवलं. मग सीटवर बोट टेकवून उजव्या हाताने हवेत गिअर टाकून दाखवला, पहिला, दुसरा, तिसरा. ह्यांनी जीप हातात घेऊन नीट पाहिली.

"पुढच्याच टेबलावर ठेवतो," शेवटी हे म्हणाले. "पण लोक विचारणार हं."

मारोतराव माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुमचं अक्षर चांगलं हाय. एक चिठ्ठी लिहून द्या. 'या जीपचा चालक डावीकडं बसायचा.' आन खाली माझं नाव."